चार मोबाईल, साडेतीन तासांचं शूटिंग आणि आठ मिनिटांचा गणपती: घरच्या व्हिडिओचं एडिटिंग कॉम्प्युटरवर कसं सुरू कराल?

गणपती विसर्जन झालं, चाकरमानी गावाहून परतले की कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओंचा पाऊस पडतो. काकांनी काढलेली आख्खी आरती, वहिनीने शूट केलेला मोदकांचा कारखाना, बारक्या पोरांचा नाच, आणि विसर्जनाच्या वाटेवर कुणीतरी खिशात मोबाईल चालूच ठेवल्यामुळे आलेला सात मिनिटांचा काळोख. आठ दिवस सगळे अंगठे दाखवतात. मग ग्रुप पुढच्या विषयावर जातो. दिवाळीपर्यंत कुणाच्या तरी मोबाईलची मेमरी भरते आणि पहिली गदा येते ती याच मोठ्या मोठ्या फायलींवर.

यातली खरी गंमत अशी की त्या ढिगाऱ्यात कुठेतरी आजोबांनी सांगितलेली गोष्ट असते. त्यांच्या लहानपणी मूर्ती डोक्यावरून कशी आणायचे, नदीला पाणी असलं तर काय करायचे. पण ती अकरा मिनिटांच्या क्लिपमध्ये सहाव्या मिनिटाला आहे, आणि तिथपर्यंत कुणी पोचत नाही. जे कुणी पाहत नाही ते डिलीट करताना कुणाचा हातही थरथरत नाही.

म्हणून घरच्या व्हिडिओचं एडिटिंग शिकायचं. त्यासाठी ना महागडा कॉम्प्युटर लागतो, ना कोर्स. लागतात दोन रविवार आणि थोडा निर्दयपणा. आपण उदाहरण हेच घेऊया: चार मोबाईल, साडेतीन तासांचं शूटिंग, आणि त्यातून घरच्या टीव्हीवर सगळे बसून पाहतील असा आठ मिनिटांचा व्हिडिओ.

आधी गोळा करा, पण व्हॉट्सअॅपवरून नको

बहुतेक लोक इथेच घसरतात. ग्रुपवर आलेले व्हिडिओ डाऊनलोड करून सरळ एडिटिंगला बसतात. पण व्हॉट्सअॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान करतं. मोबाईलवर तो बरा दिसतो, टीव्हीवर लावला की समईची ज्योत चौकोनी ठिपक्यांची होते. फाइलच्या नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' ही इंग्रजी अक्षरं दिसली की समजा, ही व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत आहे, मूळ नाही.

मूळ फाइल ज्याने शूट केलं त्याच्याच मोबाईलमध्ये असते. ती मिळवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे यूएसबी केबल. अँड्रॉइड फोन कॉम्प्युटरला जोडा, वरून खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडा आणि 'डीसीआयएम' फोल्डरमधून व्हिडिओ कॉपी करा. काका पुण्यात आणि तुम्ही ठाण्यात असाल तर गुगल ड्राइव्हची लिंक मागा. काकांना ड्राइव्ह जमत नसेल तर व्हॉट्सअॅपवरच, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तसं पाठवलं तर २ जीबीपर्यंतची फाइल न दाबता जशीच्या तशी येते. फोनवर समजावून सांगताना दहा मिनिटं जातील, पण ती सत्कारणी लागतील.

कॉम्प्युटरवर एकच मोठं फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक मोबाईलचं वेगळं फोल्डर: काका, वहिनी, आत्या, मी. सगळं एकत्र ओतू नका. कारण पुढे कळतं की एका मोबाईलचा आवाज चांगला आहे, दुसऱ्याचं चित्र चांगलं आहे, आणि तिसऱ्याचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. फोल्डर वेगळी असली की हे सगळं सांभाळता येतं.

जागा किती लागेल? आयफोनच्या सेटिंगमध्ये अॅपलने स्वतःच अंदाज दिलेला असतो: १०८०पी दर्जाचा, सेकंदाला ३० चित्रांचा व्हिडिओ जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत मिनिटाला साधारण १३० एमबी घेतो आणि नव्या पद्धतीत साधारण ६० एमबी. म्हणजे आपले साडेतीन तास जुन्या पद्धतीत झाले २७ जीबीच्या आसपास. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, त्यातही तुमचे मेल आणि फोटो आलेच. तेव्हा 'सगळं क्लाऊडवर आहे' या भरवशावर राहू नका.

कोणतं सॉफ्टवेअर?

हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, आणि खरं सांगायचं तर तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे.

विंडोज ११ असेल तर त्यात क्लिपचॅम्प बहुधा आधीच असतं. ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विकत घेतली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करावं लागतं, पण मोफत आवृत्तीतही १०८०पी व्हिडिओ वॉटरमार्क न लावता मिळतो. मॅक असेल तर आयमूव्ही. कॉम्प्युटर जुना आहे, किंवा लॉगिनची कटकट नको, तर शॉटकट घ्या. ते मोफत आहे, मुक्त-स्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. केडेनलाइव्ह आणि ओपनशॉट ही त्याचीच भावंडं. दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरचं नाव तुम्ही यूट्यूबवर ऐकलं असेल. त्याची मोफत आवृत्ती अफाट ताकदीची आहे, पण तिला १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड हवं. पहिल्याच व्हिडिओसाठी ते घेणं म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला ट्रक काढणं.

दोन गोष्टी मात्र टाळा. एक म्हणजे 'क्रॅक' केलेली महागडी सॉफ्टवेअर. त्यांच्यासोबत व्हायरस फुकट मिळतो. दुसरी म्हणजे विंडोज मूव्ही मेकर. २००० साली विंडोज एमईसोबत आलेल्या या सॉफ्टवेअरवर आपल्यापैकी अनेकांनी वाढदिवसाचे स्लाइड शो केले आहेत, पण मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ ला ते बंद केलं. आज त्या नावाने कुणी डाऊनलोड देत असेल तर ते खरं नसण्याची शक्यताच जास्त. नाव ओळखीचं असल्याचा फायदा घेऊन लोकांना फसवण्याचे प्रकार आधीच झाले आहेत.

मूळ व्हिडिओ बिघडणार नाही ना?

नाही! आणि हे नीट समजून घ्या, कारण निम्म्या लोकांची भीती इथेच असते.

भारतात फिल्म एडिटिंगची सुरुवात घरातल्या माणसांच्याच हातून झाली. दादासाहेब फाळके दादरला 'राजा हरिश्चंद्र' तयार करत होते, तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती रसायनांत धुण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाकही. देशातल्या पहिल्या फिल्म एडिटर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. हा चित्रपट ३ मे १९१३ ला प्रदर्शित झाला. त्या काळी कात्री म्हणजे खरोखरची कात्री होती. कापलेला तुकडा खरंच कापला जायचा, आणि चूक महागात पडायची.

कॉम्प्युटरवर तसं काहीच होत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही जे कापता, जोडता, ते तुमच्या मूळ फाइलला हातही लावत नाही. प्रोजेक्ट फाइलमध्ये नुसत्या सूचना असतात: काकांच्या तिसऱ्या क्लिपचा दुसऱ्या मिनिटापासून १५ सेकंदांचा भाग घे, त्यानंतर वहिनीची क्लिप लाव. पुरणपोळीची कृती लिहिलेल्या कागदात पुरण नसतं, तसंच हे. म्हणूनच प्रोजेक्ट फाइल अगदी छोटीशी असते.

याचाच दुसरा अर्थ असा की कागद जपला आणि डाळ फेकून दिली तर पोळी होणार नाही. एडिटिंग चालू असताना मूळ व्हिडिओंचं फोल्डर हलवलं, त्याचं नाव बदललं किंवा 'जागा होत नाही' म्हणून ते डिलीट केलं, की सॉफ्टवेअर 'फाइल सापडत नाही' म्हणतं. तेव्हा फोल्डर एकदा ठरवलं की ठरवलं.

चार मोबाईलचं एकमेकांशी पटत नाही

सॉफ्टवेअर उघडलं की नवीन प्रोजेक्टचं माप विचारलं जातं. आपल्या कामासाठी १०८०पी आणि सेकंदाला ३० चित्रं हे उत्तर पुरेसं आहे. एखाद्या मोबाईलने ४के शूट केलं असेल तरी चालेल. उलट त्या क्लिपमध्ये झूम करायला मोकळीक मिळते.

आता पहिली भानगड. मोबाईल सेकंदाला ३० चित्रं घेतो असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो प्रकाशाप्रमाणे हा वेग कमी-जास्त करत असतो. गाभाऱ्यासारख्या अंधाऱ्या खोलीत जास्त. परिणामी, लांब क्लिपमध्ये सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळलेले असतात आणि पाचव्या मिनिटाला टाळी दिसल्यानंतर वाजते. नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तसं नसतं. शॉटकट अशी क्लिप ओळखून ती बदलून घ्यायची का असं स्वतःच विचारतं. त्याला हो म्हणा. बाकी सॉफ्टवेअर वापरत असाल तर हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात चित्रांचा वेग 'कॉन्स्टंट' करून क्लिपची नवी प्रत काढा. छोट्या क्लिपना याची गरज सहसा पडत नाही.

दुसरी भानगड आयफोनची. तो बऱ्याचदा एच.२६५ या नव्या पद्धतीने शूट करतो. फाइल लहान होते, पण जुना कॉम्प्युटर ती उघडताना धापा टाकतो आणि विंडोजवर कधीकधी नुसता आवाज येतो. सॉफ्टवेअरमध्ये 'प्रॉक्सी' अशी सोय असेल तर ती चालू करा. मग काम करताना हलक्या प्रती दिसतात आणि शेवटी मूळ फाइल वापरली जाते. पुढच्या वर्षीसाठी आयफोनवाल्यांना कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवायला सांगा.

तिसरी उभ्या-आडव्याची. टीव्ही आडवा, आणि घरातले सगळे मोबाईल उभे धरतात. उभी क्लिप आडव्या पडद्यावर लावली की दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहते. तिथे त्याच क्लिपची धूसर प्रत भरायची फॅशन आहे. मला विचाराल तर ती डोळ्यांना त्रासच देते, साधा काळा रंग बरा. पण याहून भारी युक्ती आहे. १०८०पीच्या आडव्या पडद्यात एका उभ्या क्लिपला साधारण ६०७ पिक्सेल रुंदी लागते आणि पडद्याची रुंदी १९२०. म्हणजे तीन उभ्या क्लिप शेजारी शेजारी आरामात बसतात! एकाच आरतीचं तीन मोबाईलवरचं शूटिंग असं लावून पाहा. मधे मूर्ती, डावीकडे झांजा वाजवणारी पोरं, उजवीकडे डोळे मिटलेली आजी.

त्यासाठी तिन्ही क्लिप एका वेळेला जुळल्या पाहिजेत. व्यावसायिक लोक त्यासाठी क्लॅप वाजवतात. आपल्याकडे घंटा आहे. क्लिप टाइमलाइनवर टाकली की खाली आवाजाची नक्षी दिसते. आरती सुरू होताना घंटेचा पहिला टोल पडतो तिथे त्या नक्षीत एक उंच सुळका असतो. तिन्ही क्लिपचे सुळके एकाखाली एक आणा, झालं. मग आवाज मात्र एकाच मोबाईलचा ठेवा आणि बाकीच्या दोघांचा बंद करा, नाहीतर आरती विहिरीत चालल्यासारखी ऐकू येते.

कापायचं काय?

आता खरं काम. सगळ्या क्लिप वेळेच्या क्रमाने टाइमलाइनवर टाका आणि पाहत बसा. साडेतीन तास पाहायला साडेतीन तास लागतात, त्याला शॉर्टकट नाही. पाहताना कागदावर लिहा: कोणत्या क्लिपमध्ये, कितव्या मिनिटाला, काय. ही यादी झाली की निम्मं एडिटिंग झालं असं समजा.

कापण्याची क्रिया अगदी सोपी आहे. क्लिपचॅम्प असो वा शॉटकट, हवं तिथे थांबून कीबोर्डवर 'एस' दाबलं की क्लिपचे दोन तुकडे होतात. नको तो तुकडा निवडायचा आणि उडवायचा. शॉटकटमध्ये 'एक्स' दाबलं तर तुकडा जातो आणि मागचं सगळं पुढे सरकून जागा भरूनही काढतं.

अवघड आहे ते ठरवणं. प्रत्येक क्लिपचा पहिला आणि शेवटचा सेकंद डोळे मिटून कापा. तिथे मोबाईल वर-खाली होत असतो. नुसतं पाहण्याची चित्रं, म्हणजे मखर, रांगोळी, नैवेद्याचं ताट, तीन ते पाच सेकंदांत पुरतात. एकच गोष्ट चार जणांनी शूट केली असेल तर एकाचीच ठेवा. वहिनीची क्लिप घेतली आणि आत्याची नाही, यावरून थोडं रुसणं-फुगणं होईल, त्याला इलाज नाही. पण शेवटी पाहून घ्या की घरातलं प्रत्येक माणूस निदान एकदा तरी दिसतंय. दिवसभर स्वयंपाकघरात राबणारी बाई आठ मिनिटांत कुठेच नाही, असं बऱ्याच घरांच्या व्हिडिओत होतं, कारण मोबाईल धरणारे सगळे बाहेरच्या खोलीत असतात.

माणूस बोलत असेल तिथे मात्र घाई करू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या. त्यानंतरचं हसू किंवा क्षणभराची शांतता हवी असते, तीही राहू द्या. आजोबांची ती अकरा मिनिटांची क्लिप घ्या. त्यात गोष्ट दोन मिनिटांची आहे, बाकी कुणी चहा आणतंय, कुणी मधेच बोलतंय. नको ते कापलं की चित्राला झटका बसतो: आजोबांची मान अचानक डावीकडून उजवीकडे. हा झटका लपवायला सोपा उपाय आहे. आजोबांचा आवाज तसाच चालू ठेवा आणि त्या जागी वर दुसरं चित्र टाका. ते मूर्ती डोक्यावरून आणल्याचं सांगतायत, तेव्हा पडद्यावर यंदाची मूर्ती उंबरठा ओलांडून आत येतेय. कानाला काही कळत नाही आणि डोळ्यांना गोष्ट मिळते. टीव्हीवरच्या निम्म्या मुलाखती अशाच जोडलेल्या असतात.

आवाज आणि चित्र एकाच वेळी कापायची गरज नसते, हे कळलं की एडिटिंगची मजा सुरू होते. पुढच्या दृश्यातल्या झांजांचा आवाज दोन सेकंद आधीच सुरू करा. अजून पडद्यावर मोदक वळणारे हात आहेत, आणि कानावर आरती येतेय. पाहणारा आपोआप पुढच्या खोलीत जातो. इंग्रजीत याला जे-कट म्हणतात, कारण टाइमलाइनवर त्याचा आकार 'जे' या अक्षरासारखा दिसतो. हे एक जमलं तर पानं उलटणारे, गोल गोल फिरणारे इफेक्ट लागतच नाहीत. ते वापरूच नका, लग्नाच्या व्हिडिओंनी त्यांचा कोटा केव्हाच संपवला आहे.

आवाज चित्रापेक्षा मोठा

हलणारं चित्र लोक सहन करतात, न कळणारा आवाज नाही. बोलणं असलेल्या क्लिपची पातळी अशी ठेवा की मीटरवरचं टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्याला टेकलं की आवाज फाटतो. विसर्जनाला ढोल अगदी जवळून शूट केला असेल तर तो मूळ क्लिपमध्येच फाटलेला असतो, आणि फाटलेला आवाज कोणतंही सॉफ्टवेअर नीट शिवून देत नाही. अशा वेळी जो मोबाईल लांब उभा होता त्याचा आवाज घ्या.

कुठे गोष्ट सांगायची राहिली असेल तर आजीला किंवा आजोबांना आत्ताच बसवून बोलतं करा. शांत खोली, पंखा बंद, मोबाईल त्यांच्यापासून हातभर अंतरावर. पंखा बंद करायला विसरू नका, त्याची घरघर नंतर काढता काढता आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. असं पाच मिनिटांचं बोलणं आख्ख्या व्हिडिओचा कणा होऊ शकतं.

मागे गाणं लावायचा मोह सगळ्यांना होतो. टीव्हीवर घरातच पाहणार असाल तर प्रश्न येत नाही. पण यूट्यूबवर टाकलं की त्यांची 'कंटेंट आयडी' यंत्रणा गाणं ओळखते. मग व्हिडिओवरच्या जाहिरातींचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. लोक म्हणतात, आरतीवर कसला कॉपीराइट? शब्दांवर नाही. आपली नेहमीची गणपतीची आरती समर्थ रामदासांची मानली जाते, म्हणजे १७व्या शतकातली. पण एखाद्या गायकाने गायलेल्या तिच्या रेकॉर्डिंगवर वेगळा हक्क असतो, आणि भारतात तो प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. संगीत हवंच असेल तर यूट्यूब स्टुडिओतल्या ऑडिओ लायब्ररीत मोफत मिळतं. पण तुमच्या घरच्यांनी बेसूर का होईना गायलेली आरती हातात असताना दुसऱ्याचं संगीत हवं कशाला?

मराठी अक्षरं तुटतायत?

व्हिडिओवर 'श्री गणेश प्रसन्न' लिहिलं आणि जोडाक्षरं सुटून पाय मोडका 'न' वेगळाच पडला, वेलांटी भलत्याच अक्षरावर गेली, असा अनुभव खूप जणांना येतो. दोष तुमच्या टायपिंगचा नसतो. देवनागरी अक्षरं एकमेकांत मिसळून आकार बदलतात, आणि काही सॉफ्टवेअरना ते कळत नाही. अॅडोबी प्रीमिअरमध्ये यासाठी ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'साऊथ एशियन' लिपींचा पर्याय निवडावा लागतो. बाकी कुठेही चालणारा उपाय म्हणजे शीर्षक बाहेर तयार करणं. कॅनव्हा, पॉवरपॉइंट, जे येत असेल त्यात लिहा आणि पीएनजी चित्र म्हणून टाइमलाइनवर आणा. पारदर्शक पार्श्वभूमीचं चित्र काढता आलं तर उत्तम, नाहीतर काळ्यावर पांढरी अक्षरंही शोभून दिसतात. फॉन्टसाठी गुगल फॉन्ट्सवर 'मुक्त' आणि 'बालू' पाहा. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले हे फॉन्ट मोफत आहेत आणि टीव्हीवर लांबून वाचता येतात.

शीर्षकात गावाचं नाव आणि साल नक्की टाका. पंधरा वर्षांनी हा व्हिडिओ कुठल्या सालचा, यावर घरात वाद होणार नाही.

कपाटातल्या कॅसेटचं काय?

हे थोडं विषयांतर, पण महत्त्वाचं. अनेक घरांत लग्नाची किंवा जुन्या गणपतीची व्हीएचएस कॅसेट पडून असते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू मशीन दरवर्षी कमी होतायत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. मशीन मिळालं तर पिवळ्या वायरमधून चित्र, लाल-पांढऱ्यातून आवाज, आणि मधे एक यूएसबी कॅप्चर डिव्हाइस, एवढं पुरतं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. मात्र आपल्या दमट हवेत टेपवर पांढरी बुरशी चढते. तशी दिसली तर कॅसेट मशीनमध्ये घालू नका, टेप आणि मशीन दोन्ही जातील. जाणकाराकडे द्या.

एक्स्पोर्ट आणि त्यानंतर

सगळं जमलं की एक्स्पोर्ट करा: एमपी४ फाइल, एच.२६४ पद्धत, १०८०पी. बिटरेट विचारला तर १० ते १२ एमबीपीएस. १० च्या हिशेबाने आठ मिनिटांचा व्हिडिओ साधारण ६०० एमबीचा होतो. पेन ड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ प्रकारचा असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, पण आपली त्यात आरामात मावते.

नातेवाइकांना पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा यूट्यूबवर 'अनलिस्टेड' टाकून लिंक द्या. अनलिस्टेड म्हणजे खासगी नव्हे. ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला व्हिडिओ दिसतो. त्यामुळे आंघोळ करणारी पोरं, अंगावरचे दागिने, घराचा दरवाजा आणि पत्ता अशा गोष्टी बाहेर जाणाऱ्या प्रतीतून काढून टाका. घरच्या प्रतीत राहू द्या.

मूळ फायली आणि प्रोजेक्ट, हे दोन्ही आता डिलीट करायचं नाही. आठ मिनिटांत न बसलेलं काहीतरी पुढे कधीतरी हवं असतं, बहुतेक वेळा एखाद्या माणसाचा आवाज. एक प्रत तुमच्या हार्ड डिस्कवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तीही वेगळ्या घरात, म्हणजे आत्याकडे किंवा भावाकडे. तयार झालेला व्हिडिओ तेवढा क्लाऊडवर, तो १५ जीबीत बसतो. पुढच्या गणपतीला आत्याकडची डिस्क मागवून घ्या, नव्या वर्षाचं शूटिंग तिच्यावर भरा आणि जुन्या फायली उघडतायत का तेही एकदा पाहून घ्या.